गावाची लाईट, तात्यांच्या चपला

“म्याडम, लाईट कवा सोडताय?”

“काम चालू आहे.”

“काम काल बी चालूच हुतं की.”

“काल लाईट होती.”

“तेच म्हंतोय. मग आज का न्हाय?”

मी फोन ठेवला. सकाळपासून हेच चाललं होतं. आंबेवाडीच्या माळावरचं आमचं वीज उपकेंद्र म्हणजे काटेरी कुंपण, आत गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर, एक कंट्रोल रूम, आणि त्या खोलीत दिवसभर एकटी मी. नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले असतील. लातूरकडची पोरगी, इथली भाषा नुकती कुठे कानात बसत होती. पण एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी बसला होता.

आम्हाला आयटीआयला सप्लाय, व्होल्टेज, करंट, लोड असे वेगवेगळे शब्द घोकायला लावले होते. आंबेवाडीत आल्यावर कळलं की या सगळ्यांना मिळून एकटी लाईट पुरते. गिरणीवाला ‘लाईट न्हाय’ म्हणाला तर दळण नाही. बायकांनी ‘लाईट आली का गं’ विचारलं की समजायचं नळाला पाणी आलं का. पोरांची लाईट म्हणजे मोबाइलची चार्जिंग. बिल भरलं की ‘लाईट भरली’, नवं कनेक्शन घेतलं की ‘लाईट ओढली’, शॉक बसला की ‘लाईट चिकटली’. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या पाहुण्यांनी आईला विचारलं होतं, ‘पोरगी लाईटीत लागली म्हणं? मग काय, सोनं झालं!’ आणि ही लाईट बाईमाणूस बरं का. मनात आलं तर येते, रुसली की जाते, आणि गेली की सगळं गाव माझ्या नावानं खडे फोडतं.

एकटे तांदळे तात्या हा शब्द वापरत नसत.

तात्या आमचे लाईनमन. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले, अंगानं काटक, बोलायला तिखट. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर ‘लाईट बंद केली’ म्हणाले, तर भडकले.

“लाईट गावाची. आपली सप्लाय. ध्यानात ठेव पोरी. लाईट म्हंजी ज्याला त्याला गोड. सप्लाय म्हंजी तीच, पर तिला दात हायत.”

त्यांची आणखी एक रीत होती. खांबावर चढायच्या आधी ते उपकेंद्रात येत, माझ्याकडून लाईन बंद करून घेत, रजिस्टरवर सही करत. इथवर सगळे करतात. मग ते कंपनीचे बूट पायात चढवत आणि स्वतःच्या चपला त्या लाईनच्या पॅनलसमोर, लाईन चालू-बंद करायच्या मुठीच्या बरोबर खाली, ओळीनं मांडून ठेवत. टायरच्या तळव्याच्या जाड चपला. डावीचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी तारेच्या तुकड्यानं आवळून घेतलेला.

“या का ठेवता तात्या?” मी विचारलं होतं.

“फोनवर कुनीबी बोलंल. सही कुनीबी करंल. चपला घालाय मलाच यावं लागतंय.” मग बोट रोखून म्हणाले होते, “मी हितं हुबा राहून ह्या पायात घातल्याबिगर मूठ फिरवायची न्हाय. देव आला सांगत तरी न्हाय. कळलं?”

मला तेव्हा हसू आलं होतं. पण मी हो म्हणाले.

त्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले. आदल्या संध्याकाळी वावटळ सुटली होती, आणि मोरदऱ्यात एक फांदी तारेवर लोंबकळत होती. खांबावरची चिनी मातीची चिमणी, म्हणजे जिच्यावर तार टेकवतात ती, तडकली होती. तार कधीही खाली आली असती. त्या वाटेनं शेरडं घेऊन पोरं जातात.

मी लाईन बंद केली. तात्यांनी सही केली, चपला मांडल्या आणि जरा घुटमळले. एरवी घुटमळणारे नव्हेत.

“दुपारच्या आत येतो,” ते म्हणाले. “घरचं मशीन तवर इन्व्हर्टरवर चालतंय.”

त्यांच्या घरचं मशीन मला ठाऊक होतं. गजराकाकूंची, त्यांच्या बायकोची, फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेलेली. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. ते भिंतीतल्या विजेवर चालायचं, घरभर घरघर करत. ते चालू तोवर काकू बसून भाजी निवडत, सुनेला ओरडत, तात्यांची टिंगल करत. मशीन थांबलं तर काही वेळात ओठ निळे पडत.

“जास्त वेळ लागला तर फोन करा,” मी म्हणाले.

“मोरदऱ्यात फोन लागाय काय तुझं लातूर हाय? वाट बघ.” एवढं बोलून ते शकीलच्या गाडीवर मागे बसले. शकील त्यांचा मदतनीस, दोन लेकरांचा बाप, कंत्राटावरचा. दोघं धूळ उडवत गेले.

दुपार झाली. दुपार सरली. तात्यांचा पत्ता नव्हता.

फोनवर भागेना तेव्हा माणसं माळ चढून यायला लागली. सगळ्यात पुढे आनंदराव, दूध डेअरीचे चेअरमन. पांढरा टेम्पो फाटकाबाहेर उभा करून ते थेट कंट्रोल रूमच्या दाराशी आले. दारावर ‘अनधिकृत व्यक्तींना प्रवेश मनाई’ अशी पाटी होती. त्यांनी ती कधी वाचली नसावी.

“बाई, दूध नासाय लागलंय. गावाचं दूध हाय, माझ्या घरचं न्हवं.”

“तात्या आल्याशिवाय लाईन चालू करता येणार नाही.”

“आन तात्या कवा येनार?”

“माहीत नाही.”

“म्हंजी तुमाला काय बी म्हाईत न्हाय. नुसतं बसायचा पगार हाय व्हय?”

मागचे चार-पाच जण हसले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगीचच मीटरवरचे आकडे वहीत टिपून घेतले.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी येऊन थांबली. थांबली कसली, आडवीच पडली. तिच्यावरून सारिका उतरली, तात्यांची सून. नवरा पुण्याला, ती इथं सासू-सासऱ्यांपाशी. तिच्या पायात काही नव्हतं, हातांना भाकरीचं पीठ तसंच.

“ताई, इन्व्हर्टर बंद पडला!” ती लांबूनच ओरडली. “शिट्टी वाजत हुती मघापास्नं, आता गपच झाला. आत्याबाई कशातरीच करत्यात. ताई, लाईट सोडा. पाया पडते, लाईट सोडा.”

“अँब्युलन्स?”

“फोन केला. दुसऱ्या पेशंटकडं गेलीया, म्हनले यायला तास लागंल. तास कुटनं आणू ताई?”

“छोटा सिलिंडर असतो ना घरात?”

“भराय दिलाय तालुक्याला. मामंजी आज घरी येताना आननार हुते.” तिनं माझा हात धरला. “मामंजींना फोन केला मी. शकीलभाऊच्या फोनवर. लागला. त्यांनी सगळं ऐकलं आन म्हनले, तू म्याडमकडं जा, मी सांगतो त्यांना.”

तिचं बोलणं संपायच्या आत माझा फोन वाजला. शकीलचा नंबर. पलीकडे तात्या.

“पोरी, काम झालं. दे लाईट.”

आवाज स्वच्छ होता. मागे नुसता वारा भणाणत होता.

“तात्या, तुम्ही खाली उतरलात?”

“उतरलो. मानसं बाजूला हायत. साखळी काढली. दे.”

साखळी म्हणजे काम चालू असताना तारेला अडकवून जमिनीत सोडलेली लोखंडी साखळी. चुकून कुणी लाईन चालू केलीच तर वरच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. ती काढली म्हणजे काम संपलं. सगळं रीतीप्रमाणे होतं. माझा हात मुठीकडे गेला.

आणि मुठीखाली चपला होत्या.

“तात्या,” मी म्हणाले, “चपला न्यायला या.”

“चपला गेल्या खड्ड्यात. तुला काय सांगतोय मी? मी तांदळे बोलतोय. माझा आवाज वळखत न्हाईस?”

“ओळखते.”

“मग?”

“तुम्हीच म्हणालात, देव आला तरी नाही.”

“आगं, ती मरंल!” तात्या ओरडले. त्यांचा आवाज चिरला. या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “लाईट दे पोरी. लाईट दे. हात जोडतो तुला.”

फोन कट झाला. मी परत लावला तर लागेना.

सारिका दारात बसून राहिली होती. कुणीतरी म्हणालं, “आता लाईनमनच सांगतोय, मग हिला काय झालंय?” दुसरा म्हणाला, “बाई मानूस ठेवल्यावर दुसरं काय हुनार?”

मी आमच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला. ते तालुक्याला बैठकीत होते, दबक्या आवाजात बोलले. मी सगळं सांगितलं.

“ज्यानं लाईन बंद करून घेतली त्याचाच फोन आला ना?”

“हो.”

“माणसं बाजूला आहेत म्हणाला?”

“हो.”

“मग अडचण काय आहे तुमची?”

“सर, त्यांच्या चपला इथं आहेत.”

“काय आहेत?”

“चपला.”

“बाई, पेशंट दगावला तर मी चपलांचं कारण वर कळवू का? सोडा लाईन. माझ्या जबाबदारीवर सोडा.”

आता अडवायला कुणी उरलं नव्हतं. नियम माझ्या बाजूला नव्हता. साहेब सोडा म्हणत होते, तात्या सोड म्हणत होते, गाव सोड म्हणत होतं, आणि खाली वस्तीत एक बाई श्वासासाठी तडफडत होती. माझ्याकडे होता तो टायरचा एक जोड. मी मनात म्हटलं, बास झालं. चपला उचलाव्यात, बाजूला ठेवाव्यात आणि मूठ फिरवून मोकळं व्हावं. मी वाकले, चपलांना हात लावला. डावीच्या अंगठ्याची तार बोटाला टोचली. तात्यांनी ती पकडीनं पिळून पिळून बसवलेली, टोक आत वळवलेलं, तरी टोचली.

मला त्या उचलवेनात. खरंच सांगते, हात उठेना.

“बाजूला व्हा,” आनंदराव आत येत म्हणाले. “कोन्ती मूठ हाय ती?”

मी उठून पॅनलला पाठ लावून उभी राहिले. “पुढे यायचं नाही.”

“बाई, मानूस मरतंय!”

“पुढे यायचं नाही म्हणते ना!” मी किंचाळले. माझ्या आवाजानं मीच दचकले. खोलीत एकदम शांतता झाली. इतकी की वरच्या पंख्याची करकर ऐकू आली.

मी वर बघितलं. पंखा फिरत होता.

माझ्या डोक्यावर ट्यूब जळत होती. मीटर चालू होते. गावाची लाईन बंद होती, उपकेंद्र बंद नव्हतं. मोठी लाईन बाहेरून इथवर आलेली होतीच. सकाळपासून मी त्या पंख्याखाली बसून ‘लाईट नाही, लाईट नाही’ सांगत होते, ट्यूबच्या उजेडात उभी माणसं ‘लाईट द्या’ म्हणून भांडत होती, आणि एकाच्याही डोक्यात येत नव्हतं. येणार कसं? लाईट येते नाहीतर जाते. माणसानं उठून लाईटीकडे जायचं असतं असं कुणी कधी बोललेलंच नाही.

“सारिका, ऊठ!” मी म्हणाले. “काकूंना इथं आण. मशीन घेऊन.”

“हितं?” ती म्हणाली.

“इथं लाईट आहे. इथं लाव मशीन. आनंदराव, तुमचा टेम्पो.”

आनंदरावांनी एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि मग त्या जाडजूड माणसाला मी पळताना बघितलं. धोतराचा सोगा हातात धरून ते टेम्पोकडे पळाले. मघाशी मला हसणारे दोघं मागे हौद्यात चढले, दुधाचे कॅन धडाधड खाली फेकले. सारिकाला पुढे घेऊन टेम्पो उतारावरून गेला. कॅन फाटकाशी लोळत राहिले, दूध मातीत मुरत गेलं. त्याच्याबद्दल पुढे कुणीच अवाक्षर काढलं नाही.

मी आतलं टेबल ओढलं, खुर्ची मोकळी केली. मशीनची पिन जाड असते, साध्या बोर्डात बसत नाही. जाड पिनेचा बोर्ड खोलीत एकच, गावाच्या लाईनच्या पॅनलशेजारी. खुर्ची तिथं, चपलांना लागून ठेवली. मग दारात जाऊन उभी राहिले. घरापासून माळापर्यंत फार अंतर नाही. पण त्या वेळात मी सगळ्या देवांना नवस बोलून घेतले, आमच्याकडच्या आणि इकडच्याही.

टेम्पो आला तेव्हा काकूंना चौघांनी धरलं होतं. मान लटकलेली, ओठ जांभळे, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि आत काहीच जात नव्हतं. खुर्चीत बसवलं. मशीन ठेवलं. माझ्या हातातून पिन दोनदा सटकली. तिसऱ्यांदा बसली. बटण दाबलं.

मशीननं एक लांब शिट्टी मारली आणि घरघरायला लागलं.

सारिकानं नळी नाकाला लावली. आम्ही सगळे त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत उभे. आनंदराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. जरा वेळ काही फरक दिसेना. मग श्वासाची घाई थोडी उतरली. मग आणखी थोडी. मग काकूंनी डोळे उघडले, खोलीभर फिरवले, आणि गर्दीकडे बघून तुटक तुटक म्हणाल्या, “काय बगताय रं? कामधंदं न्हाईत?”

आनंदराव मटकन उंबऱ्यावर बसले आणि टोपीनं डोळे पुसू लागले. मला मात्र रडू आलं नाही. माझं ध्यान फोनकडे होतं. मी शकीलचा नंबर लावत राहिले. लागला नाही. काकू इथं आहेत हे तात्यांना कळवायचं होतं, आणि कळवता येत नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडीचा आवाज आला. गाडी फाटकापाशी थांबली. तात्या मागे बसले होते, तसेच बसून राहिले. उतरेनात. आत बघेनात. मान खाली, दोन्ही हात मांड्यांवर, तळवे वर. लांबूनही दिसत होतं की तळव्यांची साल निघाली आहे.

शकील एकटाच आला, मी त्याला दाराबाहेरच गाठलं; गर्दीआडच्या काकू त्याला दिसल्या नाहीत. त्याचे डोळे लाल होते. मी काही बोलायच्या आत त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

“म्याडम, तुमी लाईट सोडली न्हाई.”

“नाही.”

“तात्या वरच हुते.”

“म्हणजे?”

“खांबावर. फोन केला तवा वरच हुते. खाली रेंज कुटंय मोरदऱ्यात? फोन वरच घ्यावा लागतो, म्हनून त्यांच्या खिशात हुता.” तो भिंतीला टेकला. “नवी चिमनी बसवताना फुटली. दुसरी न्हवती. तार टेकवायची कशावर? तेवढ्यात सारिकावैनींचा फोन. मग म्हनले, शक्या, साखळी काढ. मी कोरड्या दोरानं तार वडून धरतो, लोखंडाला लागू देत न्हाय. तवर लाईट जाऊ दे घरी. मी म्हनलं, तात्या, किती वेळ धरचाल? म्हनले, हात चालंल तवर.”

फाटकाशी तात्या गाडीवर तसेच होते.

“मी साखळी काढत न्हवतो म्याडम. त्यांनी वरनं पान्हा फेकून मारला मला. मग काढली.” शकील नाक ओढत म्हणाला, “तुमी न्हाय म्हनल्यावर शिव्या घातल्या तुमाला. लई घातल्या. मग पल्याडच्या बंद खांबावरची जुनी चिमनी काढली, ती आनून बसवली. मी म्हनलं, घरी जाऊ आदी. तर म्हनले, घरी जाऊन काय करू, हात धरून बसू? तार बसवली. येताना वाटंनं घराकडं बगितलं. दार उघडं, आत कोन न्हाय. तवापास्नं बोल्ले न्हाईत.”

मी फाटकाकडे चालत गेले. मला तात्यांचा राग आला होता, इतका की त्यांना गदागदा हलवावं. त्यांच्या शब्दावर मी मूठ फिरवली असती तर जन्मभर तो हात घेऊन मी कुठे गेले असते? हे सगळं विचारायचं होतं. जवळ गेले आणि त्यांचे तळवे बघितले. दोर घासून लाल मांस दिसत होतं.

“तात्या,” मी म्हणाले, “चपला न्यायला या.”

त्यांनी वर बघितलं नाही. “आता काय करायच्यात चपला?”

“लाईन चालू करायची आहे. गाव वाट बघतंय. आत या.”

या एका बोलण्यावर ते उतरले. सवयीनंच उतरले असावेत. माझ्यामागून पाय ओढत आले. दाराशी गर्दी बाजूला झाली. काकूंना त्यांनी स्वतःच बघावं म्हणून मी सगळ्यांना नजरेनंच गप्प केलं होतं. तात्या मान खाली घालून पॅनलपर्यंत गेले आणि चपलांसाठी वाकले.

वाकले ते तसेच राहिले. चपलांना लागून दोन पाय होते. भेगाळलेल्या टाचा, बोटांत चांदीची झिजलेली जोडवी.

मशीन घरघरत होतं.

“तुमच्या चपला राखत बसलीया,” वरून गजराकाकू म्हणाल्या. “किती उशीर?”

तात्या खालीच बसले. फरशीवर, बुटांसकट. त्यांनी काकूंच्या पायांवर डोकं टेकवलं आणि ते मोठ्यानं रडले. गावादेखत रडले. आनंदराव बाहेर तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी बाकीच्यांनाही बाहेर काढलं.

काकूंचा हात त्यांच्या डोक्यावरून फिरत होता. “बास आता,” त्या दम घेत घेत म्हणाल्या. “बास म्हनते. काय केलंसा हाताचं? बगू.”

“काय न्हाय. दोर लागला.”

काकूंनी त्यांचा तळवा उलटा केला, बराच वेळ बघितला. चाळीस वर्षं लाईनमनची बायको. दोर कशानं लागतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि ती नजर मला अजून आठवते.

बाहेरून कुणीतरी हळूच म्हणालं, “म्याडम, आता तरी सोडा की लाईट.”

मी मुठीला हात लावला. “तात्या,” मी म्हणाले, “आधी पायात घाला.”

ते उठले. भिंतीला धरून बूट काढले. उजवी चप्पल घातली. डावीत पाय जाईना. चप्पल फरशीवर सरकत होती, अंगठा तारेच्या त्या वळ्यात शिरेना. एकदा सटकला, पुन्हा सटकला. तात्या ओशाळून माझ्याकडे बघत होते. तेव्हा काकूंनी खुर्चीतूनच आपला पाय पुढे केला, ती चप्पल दाबून स्थिर धरली, आणि अंगठा आत गेला.

तात्यांनी डोळे पुसले, खाकरून घसा साफ केला, आणि पहिल्या आठवड्यात माझ्यावर भडकले होते त्याच आवाजात म्हणाले, “बगतीस काय? सोड सप्लाय.”

सप्लायच म्हणाले. मी मूठ फिरवली.